हवेवरचा टोनआर्म आणि भिवंडीची फरशी

मागच्या व्याख्यानात कार्ट्रिज आणि सुईबद्दल बोलणं झालं. ते संपल्यावर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट लावून धरली. सुईचा कोन, स्केटिंग, अँटिस्केटिंग ही सगळी कटकट जर फिरत्या दांडीमुळे आहे, तर हवेवर सरळ सरकणारा टोनआर्मच का घेऊ नये? आज त्यावर बोलू. ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, आज आम्ही भिवंडीत धामणकर नाक्याजवळ, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहोत. मागून जी ठकठक येतेय तो माइकचा दोष नाही, खालच्या गाळ्यात लूम चालू आहेत. आजच्या विषयात त्या लूमचं काम आहे, म्हणून खिडकी मुद्दाम उघडी ठेवली आहे.

आधी दावा काय आहे ते नीट मांडू. रेकॉर्ड कापताना कापणारं डोकं स्क्रूवरून सरकतं, बाहेरून आत, थेट त्रिज्येवर. घरचा टोनआर्म एका पिव्होटभोवती फिरतो, त्यामुळे त्याची सुई कंस काढते. म्हणजे ज्या रेषेवर खाच कापली त्या रेषेवरून सुई चालतच नाही. सरळ कापलंय ना, मग सरळ वाजवा. ऐकणाऱ्याला हे लगेच पटतं. जाहिरातीलाही बरं, कारण एका चित्रात सांगून होतं.

पण फिरत्या आर्मवाल्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. १९३८ साली लोफग्रेननं आणि १९४१ साली बेअरवाल्डनं या चुकीचा हिशेब मांडून ठेवला आहे. आर्मचं डोकं थोडं वाकवायचं, सुई मधल्या खुंटीच्या थोडी पुढे न्यायची, की कंस आणि त्रिज्या यांच्यातला फरक दोन ठिकाणी शून्य होतो. बेअरवाल्डच्या मांडणीत ही दोन ठिकाणं मध्यापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. नऊ इंची आर्म असा बसवला, तर सबंध बाजूवर कोनाची चूक कुठंही दोन अंशांच्या फारशी वर जात नाही. आणि जिथं ती दोन अंश असते ती जागा रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला असते. तिथं खाच सुईखालून वेगानं जाते, म्हणून तीच चूक कमी बोचते.

आता सरळ आर्मकडे या. तो सरळ आहे, पण तुम्ही तो कुठं बसवलाय? त्याची सुई खुंटीच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेवरूनच गेली पाहिजे. ती रेषा एक मिलिमीटर चुकली, तर १४६ मिलिमीटर त्रिज्येवर कोन ०.४ अंशानं चुकतो आणि आत ६० मिलिमीटरवर जवळपास एक अंशानं. नीट बसवलेला फिरता आर्म आतल्या त्या जागी साधारण तितकाच चुकतो. म्हणजे काय झालं? एक मिलिमीटरच्या हलगर्जीनं सरळपणाचा फायदा आतल्या बाजूला संपला, आणि ऐकणाऱ्याला सर्वांत जास्त गरज आतल्याच बाजूला होती. म्हणून 'सरळ म्हणून शुद्ध' हा युक्तिवाद आम्हाला फार लंगडा वाटतो. या आर्मबद्दल जे लिहिलं जातं त्यातलं निम्मं या एका वाक्याच्या भरवशावर असतं, आणि बाकीचं निम्मं 'पडदा बाजूला झाला' छापाचं असतं.

मग त्यात काहीच नाही का? आहे, आणि चांगलं आहे. फक्त ते दुसरीकडे आहे.

वाकवलेल्या डोक्याच्या आर्मवर खाच सुईला ओढते तेव्हा त्या ओढीचा एक भाग आर्मला मध्याकडे खेचतो. हेच स्केटिंग. त्यावर उतारा म्हणून आपण स्प्रिंग किंवा दोऱ्याला टांगलेलं वजन लावतो. पण ही ओढ आवाजाच्या जोराप्रमाणे, त्रिज्येप्रमाणे, रेकॉर्डच्या मटेरियलप्रमाणे बदलत राहते आणि स्प्रिंग मात्र एकच उत्तर देत बसते. सरळ आर्मवर ही बाजूची ओढ तयारच होत नाही. सुई खाचेच्या दोन्ही भिंतींवर सारखी टेकते. वाद्यवृंदात उजव्या कोपऱ्यातली सारंगी फाटत नाही, याचं श्रेय बहुतेक वेळा या गोष्टीला असतं, अंशांच्या हिशेबाला नव्हे. दुसरा गुण म्हणजे बेअरिंगमध्ये धातूला धातू लागत नाही. केसापेक्षाही पातळ अशा हवेच्या थरावर दांडी तरंगते. छऱ्यांची खरखर नाही, अडकणं नाही.

आम्ही ज्या आर्मवर काम केलं तो एमिनंट टेक्नॉलॉजीचा ईटी-टू. फ्लोरिडातल्या टॅलाहासी गावी ब्रूस थिगपेन यांनी १९८०च्या दशकात तो केला. बिओग्राम ४००० हा १९७२चा सरळ आर्मचा प्रसिद्ध टर्नटेबल, पण त्यात मोटर आणि सेन्सर आर्मला ओढत नेतात. ईटी-टूमध्ये ओढणारं कुणी नाही. खाचच सबंध आर्मला सुईच्या दांडीतून ओढून नेते. एका फेरीला किती? बावीस मिनिटांच्या बाजूला साधारण ७३३ फेऱ्या होतात आणि अंतर ८६ मिलिमीटर. म्हणजे फेरीला जेमतेम ०.१२ मिलिमीटर. एवढंसं काम आहे, पण ते करणारी दांडी केसासारखी आहे. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आता आमचा मुख्य आक्षेप. तो या आर्मवर नाही, त्याच्याबद्दल काय सांगितलं जातं त्यावर आहे. सरळ आर्म घेताना तुम्ही एक चूक काढून टाकता, हे सांगितलं जातं. त्या बदल्यात काय देऊन टाकता ते कुणी सांगत नाही. तुम्ही तोल देऊन टाकता.

तराजूची दांडी मधोमध धरा आणि हात आडवा झटकन हलवा. दांडी फिरणार नाही, हाताबरोबर सरकेल. कारण तिचं वजन दोन्ही बाजूंना सारखं आहे. फिरता टोनआर्म म्हणजे ही दांडी. टेबल आडवं हललं तरी आर्म आपल्या पिव्होटभोवती वळायला बघत नाही. टर्नटेबल थोडं कललं तरी तो घरंगळत नाही. आता पडद्याच्या दांडीवरची कडी घ्या. दांडी लांबीच्या दिशेनं हलवा, कडी मागे राहते. दांडी जरा कलती करा, कडी घरंगळते. हवेवरचा आर्म ही ती कडी आहे, आणि तीही तेल लावलेली. कलणं आणि हादरा या त्याच्यासाठी दोन वेगळ्या अडचणी नाहीत. दोन्ही एकाच वाटेनं येतात आणि ती वाट म्हणजे नेमकी आर्म ज्या दिशेला मोकळा आहे तीच. त्याला मोकळं करण्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता!

आकडे घालून बघू. कार्ट्रिजसकट सरकणारं वजन ३५ ग्रॅम धरा. आर्म एक अंशानं कलला तर ०.६ ग्रॅमची बाजूची ओढ तयार होते. सुईवरचा दाब दोन ग्रॅम असताना हे भयंकर आहे. एक दशांश अंशाला ०.०६ ग्रॅम, हे चालेल. आता एक दशांश अंश म्हणजे मीटरला पावणेदोन मिलिमीटर. गवंड्याच्या पाणसळीत तो बुडबुडा मध्यावरच दिसतो. त्यामुळे पाणसळीवर विश्वास ठेवून हा आर्म लावता येत नाही.

मग कसा लावायचा? आर्मलाच विचारायचं. हवा चालू करा, सुईवरचा दाब शून्य करून कार्ट्रिज हवेत तरंगू द्या, आणि आर्मला बाहेरच्या टोकाला, मध्ये, आतल्या टोकाला असं एकेक ठिकाणी ठेवून हात काढा. पंखा बंद पाहिजे, श्वाससुद्धा दुसरीकडे सोडा. (हशा) हसू नका, फुंकरीनं तो सरकतो. जर आर्म तिन्ही जागांवरून एकाच दिशेला घरंगळत असेल, तर कल आहे, पाय फिरवा. पण बाहेरून आत येत असेल आणि आतून बाहेर जात असेल, म्हणजे कुठल्यातरी एका जागी येऊन थांबायला बघत असेल, तर कितीही पाय फिरवलेत तरी उपयोग नाही. तिथं कार्ट्रिजच्या तारा ओढताहेत. सरळ आर्मवर या तारांना आर्मबरोबर प्रवास करावा लागतो, त्यामुळे त्यांची कमान म्हणजे एक स्प्रिंगच असते. आम्ही बघितलेल्या बदलांमध्ये सर्वांत जास्त फरक पडला तो इथं. जाड कवच असलेल्या तारा काढून केसासारख्या बारीक, मोकळ्या तारा वरून सैल सोडल्या, तेव्हा. खर्च अगदी किरकोळ. म्हणूनच बहुधा त्याच्याबद्दल कुणी लेख लिहीत नाही.

आता हादरा. खालची ठकठक ऐका. साधा लूम मिनिटाला दीडशेच्या आसपास पिक मारतो, म्हणजे सेकंदाला अडीच. धोटा इकडून तिकडे जातो, फणी पुढे येऊन ठोका देते, मागे जाते. हा ठोका मुख्यतः आडवा आहे. असे वीस-पंचवीस लूम एका गाळ्यात असतात. त्यांची फरशी, खांब, वरचा मजला, सगळं त्या तालावर थोडं थोडं डोलतं. हिशेबासाठी धरा की टर्नटेबलखालची फळी अर्ध्या मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे ०.०५ मिलिमीटर, मागेपुढे होते. अडीच हर्ट्झला ३५ ग्रॅमच्या आर्मवर यानं जो जोर येतो, त्यानं मध्यम लवचिकतेच्या कार्ट्रिजची दांडी सहा-सात मायक्रॉन वाकते. सुई ज्या खाचेतून गाणं उचलते ते वळसेही मायक्रॉनमध्येच मोजतात. हा अडीच हर्ट्झ कानाला ऐकू येत नाही, पण वूफरचा पडदा बघा, श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होत असतो. आणि फिरत्या, नीट तोललेल्या आर्मवर त्याच फळीवर हा श्वास जवळपास थांबतो. हे आम्ही इथंच, याच फळीवर, दोन्ही आर्म लावून पाहिलं आहे. जुन्या डिझाइनची ही बाजू कुठल्याही तुलनेत येत नाही, कारण तुलना करणाऱ्यांच्या घराखाली लूम नसतात.

म्हणून भिवंडीत किंवा इचलकरंजीत, मालेगावात कुणी विचारलं तर आमचं पहिलं सांगणं असं : टर्नटेबल जमिनीवरच्या स्टँडवर नको, बाहेरच्या भिंतीत खांबाजवळ ब्रॅकेट ठोकून फळीवर ठेवा. आणि आर्मची सरकण्याची दिशा फणीच्या ठोक्याच्या दिशेला काटकोनात येईल असं टर्नटेबल वळवता आलं तर वळवा. खाली जाऊन लूमची तोंडं कुठं आहेत ते बघून यायचं, बस. पैसे लागत नाहीत.

आता वजनाचा मुद्दा. बदल करणारे इथं सर्वांत जास्त घोळ घालतात.

फिरत्या आर्मचं एक जुनं शहाणपण आहे. मागचं वजन जड घ्या आणि पिव्होटच्या जवळ आणा, म्हणजे आर्मचं जडत्व कमी होतं. बरोबर आहे. कारण तिथं जडत्व अंतराच्या वर्गावर जातं. हेच शहाणपण उचलून हवेच्या आर्मवर आणलं की उलटं होतं. सरकणाऱ्या आर्मला आडव्या दिशेत अंतराशी काही देणंघेणं नाही. जेवढे ग्रॅम तेवढं जडत्व. वजन कुठंही लावा, खाचेला ते सगळं ओढायचं आहे.

उदाहरण घेऊ. पुढच्या बाजूला तोलण्यासाठी १५० ग्रॅम-सेंटिमीटर लागतात असं धरा. ३० ग्रॅम पाच सेंटिमीटरवर लावले तरी तोल साधतो, १५ ग्रॅम दहा सेंटिमीटरवर लावले तरी साधतो. दुसऱ्या मांडणीत सरकणारं वजन एकदम १५ ग्रॅमनं उतरलं. उभ्या दिशेत जडत्व वाढतं, हे खरं. पण सुईपर्यंतचं अंतर १८ सेंटिमीटर धरलं तर ती वाढ सुईच्या जागी सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरते. आता दोन्ही दिशांचा रेझोनन्स काढा. सूत्र माहीत आहेच, १५९ला वस्तुमान आणि लवचिकता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळानं भागायचं. लवचिकता १५ घेतली, तर आडवा रेझोनन्स ३५ ग्रॅमला ६.९ हर्ट्झवर येतो, २० ग्रॅमला ९.२वर. उभा रेझोनन्स १२ ग्रॅमला ११.९वर होता, तो १०.९वर उतरतो. आपल्याला दोन्ही आठ ते बारा हर्ट्झमध्ये हवे असतात. रेकॉर्डचा वाकडेपणा त्याच्या खाली राहतो, संगीत त्याच्या वर. पाच सेंटिमीटर मागे सरकवलेल्या एका वजनानं दोघंही त्या पट्ट्यात आले.

थिगपेन यांनी हे आधीच ओळखलं होतं, आणि त्याहून पुढचं एक केलं. ईटी-टूमध्ये मागच्या वजनाची पट्टी सरळ दांडीला जखडलेली नाही. एका पातळ, पानासारख्या स्प्रिंगवर ती टांगलेली आहे. स्प्रिंग आडवी लवते, उभी लवत नाही. त्यामुळे आडव्या हालचालीत मागचं वजन आर्मपासून थोडं सुटं होतं, आणि एका उंच रेझोनन्सऐवजी दोन बुटके तयार होतात. एवढीशी पट्टी, पण सबंध आर्ममधली सर्वांत हुशार वस्तू तीच. आणि गंमत म्हणजे अनेक जण पहिल्यांदा हात घालतात तो तिच्यावरच. 'हलतंय, म्हणजे सैल आहे, म्हणजे वाईट आहे' असा विचार करून तिथं जाड पट्टी बसवतात किंवा सरळ घट्ट पिळतात. मग बास दणकट वाटतो म्हणून खूश होतात. तो दणकटपणा रेझोनन्सचा फुगवटा आहे, मृदंग नव्हे. घट्ट म्हणजे चांगलं हा समज लेथ मशीनला शोभतो, इथं नाही.

हवेच्या दाबाचं काय? मूळ आर्म अगदी थोड्या दाबावर चालतो, मत्स्यालयाच्या पंपासारखा पंप पुरतो. दाब पाचसहा पट वाढवायचा, हा यातला सर्वांत लोकप्रिय बदल. दाब वाढला की हवेचा थर ताठ होतो, दांडी आपल्या नळीत डुलत नाही, आणि फरक ऐकू येतो. मान्य आहे. पण दाबाबरोबर कॉम्प्रेसर येतो आणि कॉम्प्रेसरबरोबर आपला पावसाळा. पंक्चरवाल्याच्या टाकीचा तळाचा नळ जुलैमध्ये उघडून बघा, पाणी येतं. दाबलेली हवा थंड झाली की ओल सोडते. ती नळीतून बेअरिंगच्या बारीक भोकांत गेली की संपलं. तेलाचा कॉम्प्रेसर तर नकोच, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा बिनतेलाचा घ्या. आणि भिवंडीची हवा म्हणजे नुसती हवा नव्हे, तिच्यात सूत आहे. पंपाच्या तोंडाला फिल्टर, टाकीनंतर दुसरा फिल्टर, मध्ये सिलिका जेल, आणि तळाचं पाणी रोज काढायचं. पंपाचे ठोके मारायला मध्ये मोठी टाकी लागते. हे सगळं जमणार असेल तरच दाब वाढवा. आमच्या लेखी तो शेवटचा बदल आहे, पहिला नव्हे.

टाकीचं आणखी एक काम आहे आणि ते आवाजाशी संबंधित नाही. वीज गेली की काय होतं? पंप थांबतो, दांडी नळीवर बसते आणि आर्म जागच्या जागी चिकटतो. पण तबकडी जड असते, ती फिरत राहते. खाच सुईला आत ओढते, आर्म जागचा हलत नाही. फेरीला ०.१२ मिलिमीटर म्हणजे १२० मायक्रॉन. आमच्या त्या कार्ट्रिजवर यानं आठ मिलिन्यूटनची ओढ येते आणि सुईवरचा दाब वीस मिलिन्यूटन आहे. दोन-तीन फेऱ्यांत सुई भिंत चढून बाहेर फेकली जाते, रेकॉर्डवर ओरखडा उमटतो. म्हणून टाकी एवढी मोठी पाहिजे की तबकडी पूर्ण थांबेपर्यंत तिच्यातली हवा संपता कामा नये. आणि मीटर किंवा टाकीचा आकार छापील माहितीवरून ठरवू नका. जुनी, टाकाऊ रेकॉर्ड लावा, मेन स्विच बंद करा आणि घड्याळ बघा.

इतकं सगळं झाल्यावर असं वाटेल की आता खाचेतलं सगळं खरं खरं बाहेर येणार. इथंच आमची दुसरी तक्रार आहे. जिला सरळ आर्मच काय, कुठलाच आर्म हात लावू शकत नाही, ती चूक या सगळ्यांपेक्षा मोठी आहे. तबकडीचं भोक.

भोक मध्यावर नसेल तर खाचेची त्रिज्या प्रत्येक फेरीत कमीजास्त होते आणि सूर वरखाली जातो. भोक एक मिलिमीटर सरकलेलं असेल तर १०० मिलिमीटर त्रिज्येवर सूर वर एक टक्का, खाली एक टक्का जातो. आत ६० मिलिमीटरवर तो १.७ टक्के हलतो, म्हणजे सुमारे २९ सेंट. आपली प्रमाणश्रुती साडेएकवीस सेंटची. म्हणजे स्वर एका श्रुतीहून जास्त, दोन्हीकडे, ७८च्या वेगावर सेकंदाला १.३ वेळा झुलतो. आणि जुन्या ७८च्या तबकड्यांत असं भोक विरळा नाही, चोरबाजारातून चार आणा, एक तरी निघेलच. हिराबाईंचा लावलेला तार षड्ज या तबकडीवर आंदोलित होतो, आणि ऐकणारा म्हणतो, बाई वयानं थोड्या हलल्या असतील! रेकॉर्डच्या शेवटाकडे, म्हणजे आत, ही चूक वाढत जाते, आणि शेवटीच तर गायक वर गेलेला असतो. गायकीवर जी मतं बनतात त्यातली काही भोकामुळे बनली आहेत, हे आम्ही गंमत म्हणून सांगत नाही.

नाकामिचीनं टीएक्स-१००० नावाचं टर्नटेबल याच एका दोषासाठी केलं होतं. ते आधी भोक किती सरकलंय ते मोजायचं आणि मग तबकडीलाच सरकवून मध्यावर आणायचं. आम्हाला ही कल्पना हवेच्या बेअरिंगपेक्षा मोठी वाटते. तिला फारसे अनुयायी मिळाले नाहीत. सरळ रेषा विकायला सोपी, भोकाबद्दल कोण ऐकणार?

हे एवढं ताणून का सांगतोय? कारण आज घराघरांत ७८च्या तबकड्यांच्या डिजिटल प्रती केल्या जाताहेत. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींमुळे या तबकड्यांची किंमत कळू लागली, हे फार चांगलं झालं. पण प्रत बहुधा एकदाच होते. लाखेची तबकडी नंतर फुटते, विकली जाते, माळ्यावर जाते, आणि ती फाइलच मूळ ठरते. १९७७मध्ये व्हॉयेजरच्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी गेली, तिच्यासोबत कार्ट्रिज आणि सुईही पाठवली आणि ती कशी ठेवायची याची चित्रं कोरली. ती प्रत कुणी परत आणून सुधारणार नाही. आपल्या घरच्या फायलींचं फार वेगळं नाही, कितीही जवळ असल्या तरी.

प्रश्न घेऊ. एक ताईंनी विचारलंय की मग ७८ तुम्ही ईटी-टूवर वाजवता का?

नाही वाजवत. एक मिलिमीटर सरकलेलं भोक ७८च्या वेगावर ३५ ग्रॅमच्या आर्मला सेकंदाला १.३ वेळा मागेपुढे ढकलायला लावतं, त्यात जवळपास पाव ग्रॅमची बाजूची ओढ तयार होते. सुरुवातीला ज्या स्केटिंगपासून सुटका हवी होती, त्याच्याच जातीची ओढ मागच्या दारानं परत आली, तीही हेलकावे खाणारी. एलपीवर, ३३च्या वेगावर, हीच ओढ पाचव्या हिश्शाहूनही कमी असते, आणि एलपीची भोकंही बरी असतात. म्हणून एलपी हवेच्या आर्मवर, लूम बंद असतील त्या दिवशी. ७८साठी साधा बारा इंची फिरता आर्म, ७५ मायक्रॉनच्या आसपासची जाड सुई.

आणि भोक? खुंटी काढता येते असं टर्नटेबल असेल तर खुंटी काढून टाका. नसेल तर तबकडीखाली रबराची चकती घालून तिला खुंटीच्या वर उचला, म्हणजे ती मोकळी सरकते. सुई शेवटच्या गाण्याच्या खाचेत ठेवा, लेबलच्या जवळ नको, तिथं कधीकधी मुद्दाम वेडीवाकडी खाच असते. तबकडी हातानं हळू फिरवा आणि आर्मचं डोकं समोरून बघा. ते सर्वांत बाहेर गेलं की थांबा, त्या बाजूनं तबकडीच्या कडेला बोटानं हलकासा धक्का द्या, पुन्हा फिरवा. चार-पाच धक्क्यांत डोकं झुलायचं थांबतं. मग प्रत घ्या.